कार्बनाचा मोकळा हात

पावसाळ्याच्या तोंडाला आणलेली करडईच्या तेलाची बाटली अर्धीच वापरून फडताळात राहिली आणि गौरी-गणपतीच्या वेळी पुन्हा हाती आली, तर बूच काढताच गृहिणी नाक मुरडते आणि म्हणते, "तेल खवट झाले." त्याच फडताळात खोबरेल तेलाचीही बाटली असते. तीही तितकेच दिवस तेथे उभी असते, पण तिला तो वास इतक्या लवकर लागत नाही. फडताळ एक, हवा एक, उकाडाही एकच. मग एका तेलाचे बिघडावे आणि दुसऱ्याचे का बिघडू नये? आजच्या व्याख्यानात आम्ही ह्या साध्या प्रश्नापासून निघणार आहोत आणि बराच फेरा घेऊन पुन्हा त्याच फडताळापाशी येणार आहोत. वाटेत एक जुनी चूक आहे. ती एका शब्दामुळे झाली आणि थोरामोठ्यांकडून झाली. तिच्यापाशी थांबल्यावाचून पुढे जाता येत नाही.

दाराशी लावलेल्या फलकावर विषय वाचून आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "हे मुक्त मूलक म्हणजे कोण? तुरुंगातून सुटलेले काय?" प्रश्न थट्टेचा खरा, पण अगदीच चुकीचा नव्हे. लॅटिन भाषेत मुळाला 'रॅडिक्स' म्हणतात. त्यावरून इंग्रजीत 'रॅडिकल' शब्द झाला. राजकारणात त्याचा अर्थ जहाल असा होतो. रसायनशास्त्रात तो रेणूच्या एखाद्या मूळ घटकाला लावीत, म्हणून मराठीत आपण त्याला 'मूलक' म्हटले. गंमत अशी की, हा मूलक एकटा सुटला म्हणजे खरोखरच जहाल वागतो.

तो सुटतो कसा ते पाहू. कार्बनाच्या अणूला चार हात असतात, असे आपण शाळेत शिकलो. हात म्हणजे बंध, आणि प्रत्येक बंधात दोन इलेक्ट्रॉन असतात. एक ह्या अणूचा, एक त्या अणूचा. उष्णतेने वा प्रकाशाने असा एखादा बंध मधोमध तुटला आणि ज्याचा इलेक्ट्रॉन त्याने परत घेतला, म्हणजे कार्बनाचे तीन हात गुंतलेले राहतात व चौथा मोकळा राहतो. त्या मोकळ्या हातावर एकटा इलेक्ट्रॉन असतो. इलेक्ट्रॉनाला जोडीने राहावयास आवडते. त्यामुळे असा कार्बन समोर जो येईल त्याचा हात धरू पाहतो. दुसरा मूलक भेटला तर त्याच्याशी जुळतो. न भेटला तर एखाद्या सुखवस्तू रेणूचा हायड्रोजन ओढून घेतो, आणि मग तो रेणू मूलक होऊन बसतो.

हे मूलक किती काळ जगतात? १९२९ साली बर्लिनमध्ये पानेट आणि होफेडिट्स ह्या दोघांनी ह्याचे उत्तर फार सुरेख रीतीने काढले. शिशाचा एक कार्बनी पदार्थ आहे. त्यात शिशाच्या अणूला चार मिथिल गट, म्हणजे एक कार्बन व तीन हायड्रोजन असे चार जुडगे, लागलेले असतात. त्याची वाफ त्यांनी हायड्रोजनाच्या झोताबरोबर एका काचेच्या नळीतून सोडली व नळीचा एक भाग तापविला. तेथे पदार्थ फुटला आणि काचेवर शिशाचा चकचकीत आरसा बसला. नंतर त्यांनी झोत येतो त्या बाजूला, जरा अलीकडे, नळी तापविली. तेथे नवा आरसा बसू लागला आणि पुढचा जुना आरसा हळूहळू नाहीसा झाला. अलीकडे सुटलेले मिथिल मूलक झोताबरोबर पुढे जाऊन शिसे खाऊन टाकीत होते. आरसे जसजसे दूर ठेवावे तसतसे जुना आरसा पुसला जाण्यास वेळ लागे, कारण वाटेतच पुष्कळ मूलक संपत. अंतर आणि झोताचा वेग ठाऊक असल्यावर बाकी त्रैराशिक होते. निम्मे मूलक संपावयास त्या नळीत सुमारे सहा हजारांश सेकंद लागत. पापणी लवते तेवढ्या काळात अशा पिढ्यान्‌पिढ्या होऊन जातात.

आता शेजाऱ्यांकडे वळू. मोकळा हात ज्या कार्बनाचा, त्याच्या उरलेल्या तीन हातांना कोण धरून आहे ह्यावर त्याचे पुष्कळसे नशीब ठरते. हे मोजावयाची एक रीत अशी की, त्या जागचा हायड्रोजन तोडावयास किती खर्च येतो ते पाहावे. खर्च कमी, तर मागे राहणारा मूलक त्या मानाने सुखी. मिथेन हा सर्वांत साधा. त्याच्या कार्बनाला चारही बाजूंनी हायड्रोजनच. सोळा ग्रॅम मिथेन घेतला आणि त्यातील प्रत्येक रेणूचा एकेक हायड्रोजन तोडला, तर सुमारे १०५ किलोकॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत सव्वा लिटरहून थोडे अधिक थंड पाणी उकळीला येईल. आता एका हायड्रोजनाच्या जागी एक कार्बन शेजारी बसवला, म्हणजे इथेन घेतला, की हाच खर्च १०१ वर येतो. दोन कार्बन शेजारी असतील तर साडेअठ्ठ्याण्णवाच्या आसपास, आणि तीन असतील तर साडेशहाण्णवाच्या आसपास.

असे का व्हावे? मोकळ्या हातावरील इलेक्ट्रॉन ज्या कोनाड्यात असतो तो अर्धा रिकामा असतो. शेजारच्या कार्बनाचे जे हायड्रोजनाशी जोडलेले बंध, त्यांतील इलेक्ट्रॉन थोडेसे ह्या कोनाड्याकडे पाझरतात. देणारा फार देत नाही, पण घेणाऱ्याची नड थोडी भागते. चाळीतील बिऱ्हाडे जशी वाटीभर साखर उसनी देतात तशातला हा प्रकार आहे. जितकी बिऱ्हाडे जास्त तितक्या वाट्या जास्त. पण प्रत्येक नव्या बिऱ्हाडाची वाटी आधीच्याहून थोडी लहान, हे वरच्या आकड्यांवरून कोणाच्याही ध्यानात येईल.

एवढ्याशा फरकाने काय होते, असे कोणास वाटेल. तेव्हा क्लोरीन आणि ब्रोमीन ह्या दोन भावांचे वागणे पाहावे. दोघेही कार्बनी पदार्थातील हायड्रोजन ओढतात. क्लोरीनचा अणू हावरट. त्याला कोणताही हायड्रोजन घेतला तरी लाभच असतो, म्हणून तो निवड करीत बसत नाही. तीन कार्बनांच्या शेजारचा हायड्रोजन तो टोकाच्या हायड्रोजनापेक्षा पाचपट पसंत करतो, इतकेच. ब्रोमीनला मात्र हायड्रोजन ओढणे तोट्याचे असते, म्हणून तो चोखंदळ होतो. जेथे खर्च दोनचार किलोकॅलरींनी कमी तेथेच तो जातो, आणि तीच पसंती सुमारे सोळाशे पटींची होते. ज्याच्या खिशात पैसे मोजके असतात तो बाजारात भाव विचारीत फिरतो. तसेच हे आहे.

पण साखरेच्या वाटीहून मोठी मदत करणारेही शेजारी असतात. ज्या शेजाऱ्याकडे दुहेरी बंध आहे, किंवा जो शेजारी बेंझीनचे कडे आहे, तो नुसते उसने देत नाही, तर एकट्या इलेक्ट्रॉनाला स्वतःच्या घरभर वावरू देतो. इलेक्ट्रॉन मग एका जागी न राहता अनेक कार्बनांवर विभागला जातो. भार चौघांनी उचलला म्हणजे हलका होतो. बेंझीनचे एक कडे शेजारी आले की हायड्रोजन तोडण्याचा खर्च १०५ वरून एकदम ९० वर येतो. दुहेरी बंधाचा शेजारी असेल तर तो ८८ च्या आसपास येतो. ह्याला आम्ही ह्या व्याख्यानापुरते 'पोसणारे शेजारी' म्हणतो.

येथवर सारे सरळ आहे. आता ती चूक.

मोझेस गोम्बर्ग हे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. त्यांचा जन्म १८६६ साली, त्या वेळच्या रशियन साम्राज्यात व आज युक्रेनमध्ये असलेल्या एका गावी झाला. १८८४ साली कुटुंबासह ते अमेरिकेत शिकागोला आले, पुढे मिशिगन विद्यापीठात शिकले आणि तेथेच अध्यापक झाले. १८९७ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे व्हिक्टर मायर ह्यांच्या प्रयोगशाळेत असताना त्यांनी एकाच कार्बनाला बेंझीनची चार कडी जोडून दाखविली. ह्या कामात कित्येकांना अपयश आले होते. साहजिकच पुढची हाव सुटली. दोन कार्बन एकमेकांना जोडलेले आणि प्रत्येकाला तीन तीन कडी, असा सहा कड्यांचा पदार्थ करावा असे त्यांनी ठरविले. त्याचे नाव हेक्झाफेनिलइथेन. १९०० साली ॲन आर्बर येथे परत आल्यावर त्यांनी तीन कडी व एक क्लोरीन असलेला कार्बनी पदार्थ घेतला आणि धातूच्या साहाय्याने क्लोरीन काढून टाकला. मागे राहिलेली दोन अर्धी एकमेकांना जोडली जातील, हा हिशेब.

पांढरा पदार्थ मिळाला. गोम्बर्गांनी तो जाळून त्यातील कार्बन मोजला. जो पदार्थ मिळावयास हवा होता त्यात अडतीस कार्बन आणि तीस हायड्रोजन. म्हणजे शंभर भागांत ९३.८ भाग कार्बन असावयास हवा. भरला ८८ च्या सुमारास. आता अशा वेळी माणूस काय करतो? भट्टी नीट तापली नसेल, चूर्ण ओलसर असेल, मदतनिसाने वजन चुकीचे घेतले असेल. दोष देण्यास जागा पुष्कळ असते, आणि आकडा टाकून देण्यास कोणाची परवानगी लागत नाही. गोम्बर्गांनी आकडा टाकला नाही. त्यांनी प्रयोग पुन्हा पुन्हा केला. ८८ चा आकडा हटेना. शेवटी त्यांनी आकड्याचेच म्हणणे ऐकले. उरलेले सहा भाग प्राणवायूचे असले पाहिजेत. आणि प्राणवायू तर त्यांनी घातला नव्हता. तो हवेतून आला होता. म्हणजे जे काही तयार होत होते ते इतके उतावीळ होते की, हवेचा स्पर्श होताच प्राणवायूला धरीत होते.

मग त्यांनी सारा खटाटोप कार्बन डायॉक्साइड भरलेल्या बंद उपकरणात केला. आता वर्णहीन पदार्थ मिळाला. पण तो विरघळविला की द्राव पिवळा होई, आणि हवा लागताच रंग जाऊन तोच जुना पांढरा पदार्थ खाली बसे. आयोडीनशीही तो क्षणात संयोग पावे. गोम्बर्गांनी निष्कर्ष काढला की हा तीन हातांचा कार्बन आहे. त्या काळी हे म्हणणे धाडसाचे होते. मूलक सुटा राहूच शकत नाही, असे शास्त्रज्ञ दोन पिढ्या मानीत आले होते. त्यांनी तो प्रबंध त्याच वर्षी प्रसिद्ध केला आणि शेवटी, हे क्षेत्र पुढील कामासाठी आपल्याकडे राखून ठेवावे अशी इच्छा प्रकट केली. विज्ञानात कोणी कोणासाठी शेत राखीत नाही, हे त्यांना लवकरच कळले. तथापि पहिला नांगर त्यांचा, ही गोष्ट मात्र निर्विवाद राहिली.

आता ह्या मूलकाला तीन बेंझीनची कडी शेजारी आहेत. म्हणून पुस्तके लिहू लागली की, तीन कडी इलेक्ट्रॉन वाटून घेतात, त्यामुळे हा मूलक स्थिर आहे. आम्हीही विद्यार्थिदशेत हेच पाठ केले. आमच्या पुस्तकात हेक्झाफेनिलइथेनचे ऐटदार चित्र होते, दोन कार्बन, सहा कडी, आणि ते मध्ये तुटून दोन मूलक होतात असा बाण. परीक्षेत ते चित्र काढले आणि गुण मिळविले. ते चित्र चुकलेले होते हे आम्हांला पुढे कित्येक वर्षांनी कळले, आणि तेव्हा वाटलेली शरम अजून थोडी शिल्लक आहे.

आकडे नीट पाहिले असते तर शंका तेव्हाच यावयास हवी होती. पहिल्या कड्याने खर्च १०५ वरून ९० वर आणला, म्हणजे पंधरांची बचत. दुसऱ्याने तो साडेचौऱ्याऐंशीच्या आसपास आणला, बचत पाच-साडेपाच. तिसऱ्याने सुमारे ८१, बचत साडेतीन. तिसरे कडे इतके कंजूष का? कारण जागा नाही. तीनही कडी एका पातळीत सपाट पसरली तर त्यांच्या कडेचे हायड्रोजन एकमेकांवर आदळतील. म्हणून ती पंख्याच्या पात्यांसारखी तिरपी होतात, आणि तिरपे झालेले कडे इलेक्ट्रॉनाला पूर्ण वाट देऊ शकत नाही. पोसण्याचे बहुतेक काम पहिल्याच कड्याने उरकलेले असते. आणि ज्याच्याजवळ ते एकच कडे आहे, त्या मूलकाचे काय होते? तो दुसऱ्या मूलकाला भेटताच जुळतो, मिथिलाइतक्याच तडफेने. पंधरा किलोकॅलरींची मदत मिळूनही त्याचे आयुष्य वाढत नाही. मग गोम्बर्गांचा मूलक बाटलीत टिकतो तो केवळ पोसला जातो म्हणून, हे म्हणणे कसे टिकावे?

उत्तर गर्दीत आहे. तीन तिरपी कडी मधल्या कार्बनाभोवती अशी उभी असतात की, तसलाच दुसरा मूलक आपला मोकळा हात पुढे करू लागला तरी हाताला हात पोचत नाही. येथे शेजारी पोशिंदा नसून पहारेकरी आहे. १९०४ सालीच पाउल याकोबसोन ह्यांनी सुचविले होते की, दोन मूलक मध्याला मध्य लावून जुळत नसून एकाचा मध्य दुसऱ्याच्या कड्याच्या दूरच्या टोकाला लागत असावा. दारावर पहारा म्हणून पाहुणा परसदाराने येतो, तसे. ही सूचना मागे पडली आणि सुबक चित्र पुस्तकांत राहिले. १९६८ साली नेदरलंड्समधील लांकाम्प, नाउटा आणि मॅक्लीन ह्यांनी चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने तो पदार्थ तपासला, आणि याकोबसोनच बरोबर ठरले. अडुसष्ट वर्षे विद्यार्थी ज्या हेक्झाफेनिलइथेनचे चित्र काढीत होते तो पदार्थ त्या बाटलीत नव्हताच. जो होता त्याचा मधला बंध इतका लेचापेचा की, तो तोडावयास सुमारे अकरा किलोकॅलरी पुरतात. साध्या इथेनमधील दोन कार्बनांचा बंध तोडावयास नव्वदाच्या आसपास लागतात.

चुकीचे मूळ 'स्थिर' ह्या शब्दात होते. आपण 'स्थिर' म्हणतो तेव्हा दोन निराळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो. एक, त्याची नड कमी आहे. दुसरी, तो फार दिवस टिकतो. नड कमी असणारा लवकर मरू शकतो, आणि फार नड असणारा भिंतीआड पुष्कळ दिवस काढू शकतो. १९७६ साली कॅनडातील ग्रिलर आणि इंगोल्ड ह्यांनी आग्रह धरला की, ह्या दोन गुणांना दोन शब्द वापरावे. आम्ही मराठीत पहिल्याला 'सुस्थित' आणि दुसऱ्याला 'दीर्घजीवी' म्हणू. शब्द कोणास आवडोत न आवडोत, दोन हवेत एवढे खरे.

दीर्घजीवी पण फारसा न पोसलेला असा मूलक दाखविता येतो काय? येतो. कार्बनाच्या तीन हातांना तीन गुबगुबीत गट लावावे. प्रत्येक गटात एक कार्बन व त्याला तीन मिथिल. येथे बेंझीनचे कडे नाही, दुहेरी बंध नाही, इलेक्ट्रॉन वाटून घ्यावयास कोणी नाही. तरीही हा मूलक विरळ द्रावात काही मिनिटे जगतो. सहा हजारांश सेकंदांच्या मानाने ही दीर्घायुष्याची कमालच म्हणावयाची. तो सुस्थित म्हणून जगत नाही. त्याच्यापर्यंत कोणी पोचू शकत नाही म्हणून जगतो.

गर्दी नेहमी दूर लोटते असे मात्र कोणी समजू नये. गोम्बर्गांच्या मूलकातील प्रत्येक कड्यावर आणखी दोन दोन असे गुबगुबीत गट बसविले, तर परसदारही बंद होते, आणि मग गर्दी वाढूनही दोन मूलक चक्क मध्याला मध्य लावून जुळतात! १९८६ साली प्रिन्स्टन येथील मिस्लो ह्यांच्या प्रयोगशाळेने क्ष-किरणांनी तो बंध मोजला, तो १.६७ ॲंगस्ट्रॉम भरला, नेहमीचा १.५४ असतो. इतका ताणलेला बंध तुटत का नाही, हे कोडे २०११ साली जर्मनीतील ग्रिमे आणि श्रायनर ह्यांनी गणिताने उलगडले. बाहेरचे ते बारा गुबगुबीत गट एकमेकांना हलकेसे ओढून धरतात. प्रत्येक ओढ क्षुल्लक, पण सगळ्या मिळून पुष्कळ होते. जत्रेतील दाटीत माणूस चेंगरतो हे खरे, पण त्याच दाटीत तो पडतही नाही.

आता फडताळाकडे परत जाऊ. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरिनाला लागलेल्या तीन लांब शेपट्या. खोबरेल तेलाच्या शेपट्यांत दुहेरी बंध जवळजवळ नसतात. करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात मात्र शेपट्यांचा सुमारे तीन चतुर्थांश भाग लिनोलिक आम्लाचा असतो. ह्या शेपटीत दोन दुहेरी बंध असतात, आणि त्या दोहोंच्या बरोबर मधोमध एक कार्बन बसलेला असतो. दोन्ही बाजूंना पोसणारे शेजारी! साध्या शेपटीतील हायड्रोजन तोडावयास साडेअठ्ठ्याण्णव किलोकॅलरी लागत असतील, तर ह्या कार्बनावरचा शहात्तर ते ऐंशीत सुटतो. तेथे होणारा मूलक फार सुस्थित असतो, आणि नेमके तेच त्या तेलाच्या मुळावर येते. मूलक जितका सुस्थित, तितका तो सहज तयार होणार. आणि तो ज्या पदार्थातून निघतो तो पदार्थ तितका कच्चा. एकच गुण मुलाचा भाग्योदय आणि बापाचे दिवाळे.

बरे, ह्या मूलकाभोवती पहारा नसतो. प्राणवायूचा रेणू लहान. त्याच्याजवळही दोन मोकळे इलेक्ट्रॉन असतात. तो येऊन चिकटतो. जो नवा मूलक होतो त्याचा मोकळा हात आता प्राणवायूवर असतो, आणि तो शेजारच्या शेपटीचा मधला हायड्रोजन ओढतो. ती शेपटी मूलक होते, तिला प्राणवायू चिकटतो, आणि साखळी पुढे चालते. मध्ये साठलेले प्राणवायूयुक्त रेणू फुटून लहान लहान तुकडे होतात. त्या तुकड्यांचा वास म्हणजे खवटपणा. शेपटीत एकच दुहेरी बंध असता तर हा कारभार दहा पटींहूनही अधिक मंद चालला असता. म्हणून करडई आधी खवटते, शेंगदाण्याचे तेल मधल्या मार्गाने जाते आणि खोबरेल ह्या रोगापुरते तरी निश्चिंत असते.

ह्याच दोषाचा उपयोगही होतो. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक शेपट्या तीन दुहेरी बंधांच्या असतात, म्हणजे दोघांच्या मधले असे दोन कार्बन. ते तेल लाकडावर चोपडले की हवेतील प्राणवायू घेऊन त्याच्या शेपट्या एकमेकींना जुळतात आणि चिवट पापुद्रा तयार होतो. क्रिकेटच्या बॅटीला जवसाचे तेल चोळणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसते, पण तो करीत असतो तेच काम खवट बाटलीत चाललेले असते. खोबरेल तेल चोळले असते तर बॅट नुसती तेलकट राहिली असती.

तेलातली साखळी तोडावयास निसर्गाने 'ई' जीवनसत्त्व ठेवले आहे. ते आपला एक हायड्रोजन त्या उतावीळ मूलकाला देऊन टाकते व स्वतः मूलक होते. पण त्याचा एकटा इलेक्ट्रॉन कड्यावर विभागलेला असतो आणि कड्याभोवती मिथिल गट उभे असतात. त्यामुळे ते साखळी पुढे चालवीत नाही. त्याचा मोकळा हात कार्बनाचा नसून प्राणवायूचा आहे, म्हणून आज त्याच्या खोलात आम्ही जात नाही. बाटली घट्ट बंद, अंधारात आणि लहान आणावी, हा आजीचा शिरस्ता रसायनशास्त्राला पूर्ण मान्य आहे एवढे सांगून पुढे जातो.

कारण एक उदाहरण राहिले आहे, आणि ते फडताळातही नाही व प्रयोगशाळेतही नाही. ते आपल्या पोटात आहे. आतड्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. तेथे राहणारा एशेरिकिया कोलाय हा जंतू साखरेपासून निघालेल्या पायरुव्हिक आम्लाचे दोन तुकडे करतो. त्यातला एक तुकडा म्हणजे फॉर्मिक आम्ल, जे मुंगीच्या दंशात असते. हा तुकडा पाडणाऱ्या विकराच्या प्रथिन-साखळीत ७३४ व्या जागी ग्लायसिन असते, आणि त्या ग्लायसिनच्या कार्बनाचा एक हात चक्क मोकळा असतो. जर्मनीतील क्नापे आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९९२ साली ही जागा निश्चित केली. जिवंत पेशीत, पाण्याच्या सान्निध्यात, कार्बनाचा मूलक! गोम्बर्गांना हे कोणी सांगितले असते तर त्यांनी खुर्ची जवळ ओढली असती.

तो तेथे जगतो कसा, हे आता श्रोत्यांनीच सांगावे. त्या कार्बनाच्या एका बाजूला नायट्रोजन आहे. त्याच्याजवळ इलेक्ट्रॉनांची वापरात नसलेली जोडी असते, ती तो पुढे करतो. दुसऱ्या बाजूला प्राणवायूशी दुहेरी बंधाने जोडलेला कार्बन आहे, तो इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो. एक देणारा आणि एक घेणारा असे दोन शेजारी समोरासमोर आले म्हणजे एकट्या इलेक्ट्रॉनाची वाट दोन्हीकडे मोकळी होते. अशा जोडीच्या मदतीकडे १९७९ साली बेल्जियममधील फीहे ह्यांनी सर्वांचे लक्ष वेधले होते. हे झाले पोसणे. राखण्याचे काम सारे प्रथिन करते. ती जागा त्याच्या घडीत आत दडलेली आहे. दोन्ही प्रकारचे शेजारी एकाच वेळी मिळाल्यामुळे प्राणवायू नसेल तेथे हा मूलक तासन्‌तास टिकतो.

आणि प्राणवायू आला तर? तो लहान आहे. घडीतल्या फटीतूनही आत शिरतो. मग तो त्या मोकळ्या हाताला धरतो आणि प्रथिनाची साखळी बरोबर त्या ग्लायसिनपाशी तुटते. विकर निकामी होते. जंतूला त्याचा एक तुकडा बदलून ते पुन्हा चालू करण्याची सोय ठेवावी लागली आहे. हवा लागताच फिकट होणारा ॲन आर्बरचा पिवळा द्राव आणि आतड्यातील हे विकर ह्यांना एकाच पाहुण्याचे भय आहे.